बाराव्या पानावरची दुरुस्ती

मुदखेड जंक्शनवर गाडी बदलायची होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, औशाहून तिथपर्यंत माझ्यासोबत येतील असे मला वाटले नव्हते. ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले कारकून. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले आणि दोन्ही भाषांत सारखेच कमी बोलणारे. फलाटावरील बाकावर ते पाठ न टेकवता बसले होते. माझी वळकटी त्यांनी मांडीवर धरली होती. ती कोणाच्या ताब्यात द्यायची याचा हुकूम जणू अद्याप आला नव्हता. हैदराबादकडे जाणारी गाडी लांबून दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारले,

"दत्ता कागद घेऊन आला होता, त्या दिवशी बाराव्या पानावर तू थांबलास. का?"

"काही नाही, अप्पा."

"बरं."

त्यांनी वळकटी माझ्या हाती दिली. गाडी सुटताना हात हलवला नाही. आई औशातच राहिली होती. मी निघताना तिने तीनदा विचारले होते, "जेवलास का?" तिन्ही वेळा मी हो म्हणालो होतो.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. माझ्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि एक सूड एवढे सामान होते. पेटी हैदराबादेतच हरवली. सूड मी जपून नेला.

हे लिहितो आहे ते लातूर, औसा, जळकोट येथे मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्याप्रमाणे निघून गेलेल्यांसाठीही. परदेशी गेलेला माणूस लिहू लागला की गावाच्या मायेने लिहितो, अशी तुमची अपेक्षा असते. मी मायेने गेलो नव्हतो आणि मायेने परतलेलो नाही.

लातुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवीत असे. नेमणूक तात्पुरती होती, दरवर्षी नव्याने मिळणारी. माझ्या वर्गात खेड्यांतील मराठी शाळांतून आलेली मुले बहुसंख्य असत. विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक उघडले की त्यांचे चेहरे बंद होत. त्यांच्यासाठी मी सात वह्या लिहिल्या. संज्ञा इंग्रजी, उलगडा मराठीत, उदाहरणे घरातील. या सात वह्यांना मला सहा वर्षे लागली. माझ्या आयुष्यातील ते पहिले खरे काम होते.

दत्ता रसायनशास्त्र शिकवीत असे. तो नांदेडकडचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, बोलण्यात गोड. लातुरात त्याचे कोणी नव्हते, म्हणून रविवारी मी त्याला औशाला घरी नेत असे. आई त्याला आग्रह करून वाढी. तो तिला काकू म्हणे आणि तिच्या हातच्या तिळाच्या चटणीचे इतके कौतुक करी की अप्पा एकदा म्हणाले, "हा पोरगा चटणी खातो का लोणी लावतो?"

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरअखेर पहाटे जमीन हलली. औशातील आमचे घर उभे राहिले. मागची भिंत तेवढी कलली. दक्षिणेकडील गावांत काय झाले ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दगडमातीच्या हात-हात जाड भिंती ज्यांनी बांधल्या त्यांच्यावरच आल्या. मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो आणि अकरा आठवडे तेथेच राहिलो. तेथे पाहिलेले मी येथे लिहिणार नाही. जाण्यापूर्वी मी दोन वस्तू दत्ताच्या हाती दिल्या: प्राचार्यांसाठी रजेचा अर्ज आणि माझ्या कपाटाची किल्ली.

परतलो तेव्हा माझ्या जागी दुसरा माणूस शिकवीत होता. प्राचार्य म्हणाले, विनापरवाना गैरहजर. मी अर्जाविषयी बोललो. अर्ज आलाच नव्हता. दत्ताने कपाळावर हात मारला. "खिशातच राहिला की हो, सर! ह्या गडबडीत कुणाला काय सुचून राहिलंय!" त्याने तो खरोखर खिशातून काढून दाखविला. अकरा आठवडे तो एकच सदरा घालीत असावा.

सातही वह्या ठेवलेले माझे कपाटही रिकामे होते. रेल्वे लाइनीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये दत्ताने क्लास काढला होता. खेड्यांतील घरे पडली होती आणि आईबापांनी जे उरले ते मुलांच्या शिक्षणावर लावण्याचे ठरविले होते. शेड पहिल्या महिन्यात भरली. जीवशास्त्राच्या तासाला त्याने ठेवलेला एक तरुण पदवीधर माझ्या वह्या मोठ्याने वाचून दाखवी आणि मुले उतरवून घेत.

मी भांडलो नाही. भांडणाऱ्याची गोष्ट गाव दोन दिवस ऐकते आणि तिसऱ्या दिवशी दोघांनाही सारखे ठरविते.

नंतर एका रविवारी दुपारी दत्ता औशाला आला. येण्याचे धैर्य त्याला झाले याचे मला आजही आश्चर्य वाटते. आईने त्याला ताट वाढले. तिला तेव्हा माणसांची नावे अधूनमधून सापडत नसत. भूकंपाच्या हादऱ्याने असे झाले, असे शेजारी म्हणत. तिने त्याला माझ्या नावाने हाक मारली. तो "ओ" म्हणाला आणि चटणी घेतली.

जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून छापखान्यातील कच्ची पाने काढली. माझ्या वह्या पानाला पान जुळवून पुस्तकरूपाने छापल्या जाणार होत्या. वर त्याच्या क्लासचे नाव होते.

"सर, बायलॉजी काही आपला प्रांत न्हाई. एकदा नजर मारून द्या. शेवटी तुमचंच हाय."

मी पाने उलटू लागलो. अप्पा ओट्यावर बसून पाहत होते. अकराव्या पानाच्या शेवटी माझेच एक वाक्य होते: टंचाईत घरातील मोडकी बाज फोडून चुलीत घालावी, तशी उपाशी पेशी आपलेच जीर्ण भाग मोडून निभावून नेते. बाजेचे उदाहरण आईचे. एका दुष्काळात सरपण मिळेना तेव्हा तिने आजोबांची बाज खरोखर फोडून चुलीत घातली होती. त्यानंतर बाराव्या पानाची पहिली ओळ होती: "म्हणून उपासमारीत पेशीचे स्वभक्षण थांबते."

थांबते नव्हे, वाढते. उदाहरण बरोबर होते, शब्द उलटा होता. ती ओळ लिहिली तो दिवस मला आठवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वही नव्याने उतरवीत बसलो होतो आणि आई दर थोड्या वेळाने येऊन विचारीत होती, "जेवलास का?" तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो, "थांब ना ग." हात तेच लिहून गेला. ती चूक छापखान्याची नव्हती. माझीच होती आणि माझ्याच अक्षरातून तेथे गेली होती.

दत्ताला जीवशास्त्र येत नव्हते. त्याच्या मुलांना पाठ करण्यावाचून दुसरे काही शिकविले जात नव्हते. ही ओळ कोणी तपासणार नाही हे मला त्या क्षणी कळले.

मी पान उलटले. शेवटपर्यंत सर्व पाने पाहिली. "ठीक आहे," म्हणालो.

एवढेच मी केले. मुदखेडच्या फलाटावर अप्पांनी विचारले ते याविषयी.

अप्पांच्या कचेरीचा एक नियम होता आणि तो त्यांनी घरातही लागू केला होता. लहानपणी पाटीवरील अंक मी थुंकी लावून पुसला की ते माझा हात धरीत. "खोडायचं नाही. एक आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, सही करायची. आन ज्याच्या हाताची चूक त्याच्याच हातानं. दुसऱ्यानं केली तर ती दुरुस्ती न्हाई, जालसाजी." दुसऱ्याच्या कागदात चूक आढळली तर ते समासात पेन्सिलने बारीक फुली करीत आणि कागद परत पाठवीत. त्यापलीकडे त्यांचा हात जात नसे.

हैदराबादेत एका संशोधन संस्थेत मी वयाने सर्वांत मोठा विद्यार्थी होतो. तेथून कॅनडात, एडमंटनला गेलो. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या नियमांचा कागद हाती देण्यात आला. प्रयोगवहीत खाडाखोड करू नये. चुकीवर एकच रेघ ओढावी, मूळ मजकूर वाचता यावा, दुरुस्ती करणाऱ्याने आद्याक्षरे व दिनांक लिहावा. उणे तीस अंशांच्या त्या शहरात मला पहिला भेटला तो औशाच्या तहसील कचेरीचा नियम.

मी स्वभक्षणावरच काम केले. विषय निवडताना मी विद्वत्तेची कारणे सांगितली. खरे कारण ती ओळ होती. पेशी आपले झिजलेले भाग पापुद्र्यात गुंडाळते, पाचक रसाच्या थैलीपर्यंत नेते, विरघळविते आणि त्यातून निघालेला माल पुन्हा वापरते. उपासमारीत हे काम वाढते. पूर्वी लोक या थैलीला आत्महत्येची पिशवी म्हणत. तो अन्याय होता. पेशी त्या पिशवीमुळेच जगते.

माझे पहिले गुरू चरबीच्या पेशींवर काम करीत. होऊ घातलेल्या चरबीपेशीत स्वभक्षण रोखले तर ती नेहमीप्रमाणे एका मोठ्या थेंबाने भरत नाही. लहान लहान थेंब घेऊन अर्धवट राहते. असे उंदीर सडपातळ राहतात. परिषदांत हे चित्र दाखविले की लोकांचे डोळे चमकत. लठ्ठपणावरील गोळी त्यांना दिसू लागे. मी मागच्या रांगेतून उठून विचारीत असे, हीच क्रिया मेंदूतील मज्जापेशीत रोखली तर काय होईल? उत्तर सर्वांना ठाऊक असे. मज्जापेशी विभागत नाही. जन्माची तीच पेशी मरेपर्यंत. तिच्यातील मोडतोड वेळेवर हलविली नाही तर प्रथिनांच्या गाठी साचतात आणि पेशी आपल्याच ढिगाऱ्याखाली मरते. अकरा आठवडे ढिगारे उपसलेल्या माणसाला हे सूक्ष्मदर्शकातून पाहून शिकावे लागले नाही. पुढील वीस वर्षे मी मज्जापेशींवरच राहिलो. आईच्या डोक्यात काय चालले आहे ते मी हजारो मैलांवरून दररोज पाहत होतो. तो भूकंपाचा हादरा नव्हता. माझ्या हाताने "थांबते" लिहिले त्या उन्हाळ्यात ते सुरू झालेले होते आणि जीवशास्त्राच्या शिक्षकाने ते ओळखले नव्हते.

परीक्षक म्हणून मी कठोर होतो. कोणी दुसऱ्याचे काम आपल्या नावाने मांडल्याचा वास आला तर मी तो शोधनिबंध मुळापर्यंत उकरीत असे. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. मला झोप चांगली लागली. तेथे मला मित्र नव्हते; पगार, फ्रीजर आणि मान होता.

दत्ताचे वर्तमान मिळत असे. शेडच्या जागी तीन मजले झाले. लातूरच्या शिक्षणाचा पॅटर्न म्हणून राज्यभर बोलबाला झाला. पोरे नांदेडहून, परभणीहून, पार कर्नाटकातून येऊ लागली. चौकाचौकात गुणवंतांची छायाचित्रे आणि मध्यभागी हात जोडलेला दत्ता. आता त्याला सारे शहर सर म्हणत होते. मी वाट पाहत होतो.

वैद्यकीय प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाल्यावर एका वर्षी तो प्रश्न आला. चार पर्याय होते. जुन्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने दूरध्वनीवर हसत हसत सांगितले की दत्ताच्या साऱ्या बॅचने एकसारखे चुकीचे उत्तर काळे केले. "झाडून सगळ्यांनी, राव! जणू कवायत!" त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लवकर निघालो, भात आणि वरण केले आणि पोटभर जेवलो. खोटे कशाला लिहू? तेथील इतक्या वर्षांतील ते सर्वांत रुचकर जेवण होते.

दहाव्या दिवशी अप्पांचे निळे पत्र आले. त्यात नेहमीप्रमाणे चार ओळी होत्या. पाऊस ठीक. तुझ्या आईची तबियत तशीच. शेवटी: "शैलाचा नंबर एका मार्काने हुकला. तिचा क्लास दत्ताकडे होता. तुला राग येईल म्हणून तुझ्या बहिणीने कळविले नव्हते."

शैला माझी भाची. बहीण जळकोटला दिलेली. मेहुणे तेथे शाळेत शिक्षक. मुलगी हुशार होती. दोन वर्षे लातुरात कॉट-बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेचे भाडे भरून, तिने अभ्यास केला होता.

उत्तरात मी पावसाविषयी विचारले.

शैलाने परिचारिकेचे शिक्षण घेतले. लातुरात शिकत असताना आणि नंतर नोकरी लागल्यावरही ती औशाला आजी-आजोबांजवळ राहिली. ती दररोज एसटीने ये-जा करी. आईला अंघोळ घालणे, भरविणे, घराबाहेर गेली तर शोधून आणणे, हे सारे ती करीत होती. आईची बाकीची वाक्ये एकेक करून गेली, "जेवलास का?" शेवटपर्यंत राहिले. माणूस, मांजर, भिंत, सर्वांना ती तेच विचारी. ती गेली तेव्हा माझा एक मोठा प्रयोग मध्यावर होता. मी आलो नाही. अप्पांनी तक्रार केली नाही. ते पत्रात दिनांक आणि वेळ लिहून थांबले.

अप्पाही गेले, त्यानंतर मी निवृत्त झालो आणि परतलो. औशाचे घर विकून लातुरात दोन खोल्यांची सदनिका घेतली. सदनिका विकणाऱ्याने खिडकीविषयी काही सांगितले नव्हते. समोरच्या इमारतीवर दत्ताचा फलक आहे. सकाळी पडदा सारला की तो हात जोडून उभा असतो.

एका दुपारी शैला अप्पांचे दप्तर घेऊन आली. लाल फडक्यात, कचेरीच्या पद्धतीने आडव्या-उभ्या गाठीने बांधलेले. ती आता मोठ्या रुग्णालयात वरिष्ठ परिचारिका आहे. चालणे भरभर, बोलणे मोजके. दप्तरात घराचे कागद, माझी पत्रे आणि तळाशी छापील नोट्सचे एक सुटे पान होते. पान बारावे. पहिल्या ओळीसमोर समासात पेन्सिलीची बारीक फुली.

"हे माझ्या नोट्समधलं हाय," शैला म्हणाली. "निकालाच्या वेळी कुठली ओळ नडली ते मी अप्पांना दाखवलं, तेव्हा त्यांनी हे पान मागून घेतलं होतं. का ते सांगितलं न्हाई. फुली कशाची, मामा? ती तर छापखान्याची चूक होती, असं दत्तासर म्हणले होते."

अप्पांनी विज्ञानाचे एक अक्षर न शिकता ते ओळखले होते. ज्या पानावर मुलगा थांबला होता तेथेच नात अडखळली, एवढा पुरावा त्यांना पुरला. फुली करून त्यांनी कागद माझ्यासाठी ठेवून दिला होता. दुरुस्ती त्यांच्या हाताची नव्हती.

मी शैलाला सर्व सांगितले. आईचा प्रश्न, दत्ताची पाने, मी म्हणालेले "ठीक आहे". मी संपविल्यावर ती पानाकडे पाहत राहिली.

"पुस्तकात इन्क्रीज होतं, मामा. मी वाचलं होतं."

"मग?"

"नोट्समध्ये बाज होती ना. आजी ती बाजंची गोष्ट शंभरदा सांगायची. मला कळलंच की ह्या वह्या तुमच्या हायत. कुणाला बोलले न्हाई. पेपरात दोन्ही उत्तरं समोर होती. मी म्हणलं, पुस्तक लिहिणारा कोण कुठला. हे तर मामानं लिहिलंय."

मी आयुष्यभर मज्जापेशींचा मृत्यू पाहिला. त्या वाक्यावर काय करायचे ते मला माहीत नव्हते. मी लाल फडक्याची गाठ पुन्हा बांधू लागलो.

ती उठली. "वही हाय अजून. दत्तासरांच्या तिथं, काचेच्या कपाटात. चला, सही तुमचीच लागंल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही गेलो. तळमजल्यावर, जिन्याजवळ ते कपाट होते. आत माझी पहिली वही, पेशीची आकृती असलेल्या पानावर उघडलेली. खाली सोनेरी अक्षरांत कार्ड: सरांच्या हस्ताक्षरातील पहिली वही. दोन तासांच्या मधली वेळ होती. मुले जिन्यावरून उतरत होती आणि काहींनी जाता जाता त्या काचेला नमस्कार केला.

दत्ता काठी टेकीत बाहेर आला. मधुमेहाने वाळला होता. "सर! अहो, कधी आलात? या, बसा, च्या सांगतो."

"कपाट उघड."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग शैलाकडे, आणि किल्ली मागविली. मी बारावे पान काढले. लाल शाईची एक आडवी रेघ. वर "वाढते". पुढे पूर्ण नाव, सही, दिनांक. खालचे अक्षर आणि वरचे अक्षर एकाच हाताचे होते; वय तेवढे निराळे. हे समजण्यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नव्हता. जिन्यावर थांबलेल्या दोन मुली कार्डाकडे आणि पुन्हा पानाकडे पाहू लागल्या. याच क्षणासाठी मी इतकी वर्षे काढली होती आणि मला तो आवडला, हेही नमूद करतो.

दत्ता पानावर वाकला. "म्हंजे तवाच ठाऊक होतं तुम्हाला?"

"तू तपासायला दिले होतेस. मी तपासले होते."

त्याने लाल रेघेखालच्या शब्दावर बोट ठेवले. "त्या वर्षी मी प्रेसवाल्याच्या कानाखाली वाजवली होती, सर. भर बाजारात. त्या बिचाऱ्यानं माझं तोंड बघितलं न्हाई पुन्हा." मग काठीवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "वह्या मी उचलल्या, कबूल. अर्जबी मुद्दामच खिशात ठेवला, तेबी कबूल. पर पोरं? ती काय माझ्या एकट्याची होती का?"

मी नजर जिन्यावरच्या मुलींकडे वळविली. ते त्याने पाहिले, आणि त्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर आले. त्याचा तो हक्क मी नाकारीत नाही.

शैलाने वही उचलून कपाटात ठेवली. "हेच पान वर ऱ्हाऊ द्या, सर."

"आन हे कार्ड?" दत्ताने विचारले.

"ते तुमच्या हातचं हाय," ती म्हणाली. "ते तुम्ही बघा."

परतताना रिक्षात ती एवढेच बोलली: "दुरुस्त झालं. माफ झालं असं समजू नका." मी समजलो नव्हतो.

पंधरा दिवसांतून एकदा मी त्या जिन्यापाशी जाऊन येतो. बारावे पान वर आहे. कार्डही जागेवर आहे. त्यावर रेघ नाही. मी जात राहणार आहे. दत्ताला मी क्षमा केलेली नाही आणि करणार नाही. माझ्या वयात स्वभाव बदलल्याचे सोंग शोभत नाही.

तुम्ही जे निघून गेलात ते मला पत्रांतून विचारता, इतक्या वर्षांनी परत जाऊन काय मिळाले, तेथे आता कोण आहे. आईबाप नाहीत. औशाच्या घरात दुसऱ्यांचे कपडे वाळतात. एडमंटनला माझी खोली उबदार होती आणि माझ्यावर रागावण्याचा अधिकार तेथे कोणालाही नव्हता. येथे एकीला तो आहे. रविवारी सकाळी ती येते, माझ्या दंडाला पट्टा बांधते, रक्तदाब पाहते, दोन आकडे सांगते आणि वहीत लिहिते. त्यापलीकडे बोलत नाही. जाताना स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावरचे झाकण उचलते, मी जेवलो आहे की नाही ते स्वतःच पाहते. विचारीत नाही.

मी दार सकाळी सातलाच उघडून ठेवतो. घर म्हणजे मला आता एवढेच कळते.